वारसा, रेडा आणि पुसलेली नावे : 'मॅक्स हावेलार'मधील बादूर गाव

साहित्यात गरिबीचे चित्रण असणे आणि मालमत्तेचे चित्रण असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गरिबीच्या चित्रणात माणूस 'काहीच नसलेला' म्हणून समोर येतो. मालमत्तेच्या चित्रणात त्याच्याजवळ नेमके काय होते, ते त्याच्याकडे कोणाकडून आले आणि कोणत्या क्रमाने गेले हे सांगावे लागते. पहिल्यातून करुणा सहज उपजते. दुसऱ्यातून न्यायाचा प्रश्न उभा राहतो. एडुआर्ड डौवेस डेक्कर या डच लेखकाने 'मुल्ताटुली' या टोपणनावाने लिहिलेल्या 'मॅक्स हावेलार' (१८६०) या कादंबरीत पश्चिम जावातील बादूर नावाच्या लहानशा शेतकरी गावाची कथा येते. साइजा आणि आदिंदा यांची ही कथा एक करुण प्रेमकहाणी म्हणूनच सामान्यतः ओळखली जाते. तिचे खरे सामर्थ्य मात्र दुसऱ्या प्रकारात आहे.

डेक्कर जानेवारी १८५६ मध्ये बांतेन प्रांतातील लेबाक येथे सहायक रेसिडेंट म्हणून रुजू झाला. जावाच्या रयतेवर सरकारसाठी निर्यातीची पिके काढण्याची सक्ती १८३० पासून चालू होती. तिच्या जोडीला लेबाकमध्ये देशी अधिपती आणि पारांगकुजांग तालुक्याचा प्रमुख असलेला त्याचा जावई हे रयतेला वेठीला धरतात व तिचे रेडे हिरावून नेतात, असा आरोप डेक्करने केला. वरिष्ठांनी त्याची पाठराखण केली नाही आणि तीन महिन्यांच्या आतच त्याने राजीनामा दिला. हा अनुभव कादंबरीची सामग्री आहे. परंतु तिचे रूप या अनुभवाने ठरलेले नाही.

कथेच्या प्रारंभीच निवेदक एक विलक्षण गोष्ट करतो. साइजाच्या बापाचा रेडा तालुक्याच्या प्रमुखाने नेला, नांगरणीचे दिवस जवळ आले होते आणि तो कित्येक दिवस बोलला नाही, एवढे सांगून तो थांबतो व एक खुलासा करतो : जावात इतरत्र नसली तरी बांतेनमध्ये जमिनीवर वैयक्तिक मालकी आहे. भावनेच्या ऐन भरात आलेला हा महसुली स्वरूपाचा खुलासा रसभंग करणारा वाटेल. वस्तुतः संपूर्ण कथेची किल्ली तेथेच आहे. खाचर या माणसाचे स्वतःचे आहे. म्हणूनच त्यावरचा साराही त्याचाच आहे. रेडा गेला तर नांगरणी नाही, नांगरणी नाही तर पेरणी नाही, पेरणी नाही तर कणगीत भात नाही आणि सारा थकला तर शिक्षा. मालकी येथे संरक्षण देत नाही, ती माणसाला जागच्या जागी अडकवून ठेवते. अन्यायाचे इतके नेमके आकलन केवळ कळवळ्यातून येत नाही.

पुढील कथनाची रचना घरातील वस्तूंच्या क्रमानेच होते. बाप वडिलोपार्जित क्रिस, म्हणजे जावातील परंपरागत कट्यार, जिल्ह्याच्या गावी एका चिनी व्यापाऱ्याला विकतो. ती फारशी सुंदर नाही. म्यानावर चांदीच्या पट्ट्या आहेत इतकेच. तिचे चोवीस गुल्डन येतात व नवा रेडा येतो. तोही नेला जातो. मग पत्नीच्या आईवडिलांकडून आलेले मच्छरदाणीचे चांदीचे दोन आकडे अठरा गुल्डनला जातात व तिसरा रेडा येतो. वारशाने आलेल्या अशा वस्तूला तेथे 'पुसाका' म्हणतात. पुसाकाचे मोल तिच्यातील चांदीत नसते; ते पूर्वजांच्या नात्यात असते. बाजारात मात्र चांदीचीच किंमत होते. आधी पित्याचे कुळ, मग मातेचे कुळ, अशा क्रमाने एका कुटुंबाचा भूतकाळ रेड्यात रूपांतरित होतो आणि रेड्याच्या रूपाने तालुक्याच्या प्रमुखाच्या दारी जातो. भाष्याचा एक शब्दही न वापरता मुल्ताटुलीने मूल्य आणि किंमत यांतील अंतर येथे मूर्त केले आहे.

तिसरा रेडा गेल्यावर विकायला काही उरत नाही. त्याचे कारण निवेदक शांतपणे देतो : बापाचे आईवडील आयुष्यभर पारांगकुजांगमध्येच राहिले होते, म्हणून त्यांनी मागे फारसे ठेवले नव्हते, आणि सासूसासरेही तेथलेच. या उपरोधात मागच्या पिढ्यांची लूट एका वाक्यात सामावते. आपली कथा एकसुरी असल्याचेही निवेदक वाचकाला बजावतो. ही एकसुरी पुनरावृत्ती कथनातील उणीव मानता येत नाही. लूट हीच जेथे नित्याची रीत आहे, तेथे पुनरावृत्ती हाच तिचा प्रामाणिक रूपबंध ठरतो. भाड्याच्या जनावरांवर काही वर्षे काढून, पत्नीच्या मृत्यूनंतर खचलेला बाप काम शोधायला गाव सोडतो. परवान्याविना लेबाक सोडले म्हणून त्याला फटके बसतात आणि थोड्याच काळात तो कैदेत मरतो. शेवटी स्वतःचा देहही त्याच्या मालकीचा उरत नाही.

यानंतर कथेचा सूर पालटतो. रेडे घेण्यापुरते पैसे मिळवायला साइजा बटाव्हियाला जातो आणि आदिंदा भात कांडायच्या उखळावर महिन्यांच्या रेघा ओढते. येथपर्यंत वस्तूचा आधार सुटलेला नाही. छत्तीसपर्यंत न पोचलेल्या त्या रेघा स्वतःच बोलतात. परंतु लाम्पुंगमधील जळते गाव, आदिंदाचे विटंबित प्रेत आणि संगिनींवर स्वतःला झोकून देणारा साइजा या प्रसंगांत कथा अतिनाट्याकडे झुकते. ज्या कथेला चांदीच्या दोन आकड्यांनी हृदय पिळवटता आले होते, तिला येथे रक्ताची गरज भासते. वाचकाच्या स्मरणात प्रेमिकांचा मृत्यू राहतो आणि त्याला कारण झालेला हिशेब विसरला जातो. ही हानी केवळ कलात्मक नाही.

लेखकाला या धोक्याची जाणीव असावी. म्हणूनच साइजा आणि आदिंदा यांच्या प्रेमाची खात्री आपल्याला देता येणार नाही, पण असे साइजा आणि अशा आदिंदा पुष्कळ होत्या व लुबाडलेल्यांची नावे आपण देऊ शकतो, असे निवेदक सांगतो. विशिष्टात जे कल्पित आहे ते सामान्यात सत्य आहे, हा त्याचा दावा आहे. नुसत्या नावांच्या यादीने कोणाचे अंतःकरण हलेल, हा त्याचा प्रश्न ललित साहित्याच्या समर्थनार्थ आहे. पण नावांशिवाय केवळ हललेल्या अंतःकरणाचे काय करायचे, हा प्रतिप्रश्न कादंबरीच्या प्रकाशनाच्या इतिहासानेच उभा केला. पहिली आवृत्ती संपादित करताना याकोब फान लेनेप याने स्थळांची नावे टिंबांखाली झाकली. परिणामी अॅमस्टरडॅमचा कॉफी-दलाल ड्रोगस्टॉपेल याचा घरक्रमांक, लाउरियरग्राख्ट ३७, छापला गेला. जेथून रेडे गेले त्या मुलखाचा पत्ता मात्र पुसला गेला. पुस्तकाचे हक्कही फान लेनेपकडे गेले. ते परत मिळवण्यासाठी डेक्करने दावा लावला व तो हरला. नावे परत आली ती १८७५ च्या आवृत्तीत. ज्याचे आहे त्याच्याकडून हिरावले जाण्याची कथा लिहिणाऱ्याची कथाच त्याच्याकडून हिरावली गेली, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

कादंबरीची मर्यादाही याच ठिकाणी दिसते. तिचा रोख देशी अधिपतीवर आहे आणि अखेरचे आवाहन डच राजा तिसऱ्या विल्यमला आहे. वसाहतीची सत्ता सुधारावी असे तिला वाटते, संपावी असे नव्हे. अधिपती आणि रयत यांच्यातील पारंपरिक देण्याघेण्याचा अर्थ डेक्करला कळला नाही, असा आक्षेप रॉब नियूवेनहुइस यांनी १९८७ मध्ये घेतला. तो विचारार्ह आहे. पण पुसाका विकून घेतलेला रेडा नेणे कोणत्या परंपरेत बसते, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. सक्तीच्या लागवडीविरुद्ध लोकमत घडवण्यात या कादंबरीचा वाटा मानला जातो. मात्र त्या पद्धतीला उतरती कळा लागली तेव्हा १८७० चा जमीनविषयक कायदा आला, खासगी मळ्यांना वाट मोकळी झाली आणि ज्या जमिनीची मालकी सिद्ध होणार नाही ती सरकारची, असे ठरले. हे तत्त्व स्वतंत्र इंडोनेशियाने १९६० च्या मूलभूत कायद्याने रद्द केले.

म्हणजे करुणेने राज्यकर्त्याची पद्धत बदलली. मालकीचा प्रश्न मात्र कागदाकडे सरकला, आणि कागद बादूरच्या शेतकऱ्याकडे नव्हता. त्याच्याकडे कट्यार होती, आकडे होते आणि ते कोणाकडून आले याची आठवण होती. या आठवणीलाच पुरावा मानणारी काही पाने 'मॅक्स हावेलार'मध्ये आहेत. त्या कादंबरीचे श्रेष्ठत्व प्रेमिकांच्या मरणापेक्षा त्या पानांत शोधणे अधिक न्याय्य ठरेल.