शार्ङ्ग धनुष्य व ‘त्रिणत’ शब्दाचा अर्थ

‘शार्ङ्ग’ म्हणजे शिंगाचें धनुष्य, एवढें सांगून आपण सर्व मोकळे होतों. प्रस्तुत लेखकानेंही रघुवंशाचा चौथा सर्ग अनेक वर्षें असाच शिकविला. पाश्चात्त्य घोडेस्वारांशीं रघूचें युद्ध जुंपलें असतां धुरळ्यांत प्रतियोद्धे केवळ शार्ङ्गांच्या टणत्कारावरून ओळखूं येत, असें कालिदास म्हणतो. मल्लिनाथही शृङ्गाचा विकार तें शार्ङ्ग, एवढीच फोड करून पुढें जातो. शिंग कोणत्या बाजूस असतें व धनुष्य वांकतें कोणीकडे, हा प्रश्न वर्गांत कोणी विचारला नाहीं व मलाही सुचला नाहीं.

तो प्रश्न अंबाजोगाईकडील एका वाड्यांत अकस्मात् पुढें आला. पोथ्या पाहावयास गेलों असतां यजमानांनीं माळ्यावरची एक रोगणी कमान काढून दाखविली. ती ज्या बाजूस वळलेली दिसत होती त्याच बाजूनें पूर्वीं कोणीतरी चिल्ला चढविण्याचा यत्न केला होता आणि ती मुठीजवळ फुटली होती. फुटल्या जागीं तीन थर स्पष्ट दिसत: एका बाजूस म्हशीचें शिंग, मध्यें लांकूड, दुसऱ्या बाजूस सरसानें बसविलेले स्नायूंचे तंतू. शिंग दाब सोसतें, स्नायु ताण सोसतो; म्हणून शिंग धनुर्धराकडे व स्नायु पाठीवर असतो. असें धनुष्य उतरविलें म्हणजे उलट फिरतें. चिल्ला चढवावयाचा तो त्या बांकाच्या विरुद्ध. येथें उलट झालें, ताण शिंगावर आला, व तें तडकलें.

कारागीर हें काम एका दमांत करीत नाहीं. नवें धनुष्य मंद आंचेवर शेकून, लांकडी ठोकळे बांधून, थोडें थोडें वळवितात. दोन्ही भुजा सारख्या वांकतात कीं नाहीं हें पाहून ताठ राहील त्या भुजेचें शिंग किंचित् खरवडतात. पीळ पडल्यास पुन्हां शेकून काढतात.

आतां ग्रंथ पाहूं. वसिष्ठाच्या नांवावरील धनुर्वेदसंहितेंत शार्ङ्ग ‘त्रिणत’ व वेणूचें धनुष्य सर्वत्र नमणारें असा भेद केला आहे. शार्ङ्ग गजारूढ व अश्वारूढ यांस, वेणूचें रथी व पदाति यांस सांगितलें आहे. सामान्य धनुष्य चार हात, म्हणजे 96 अंगुळें. मनुष्याचें शार्ङ्ग साडेसहा वितस्ति, म्हणजे 78 अंगुळें. चिल्ला चढविलेल्या कमानीची मूठ आंत दबते व दोन भुजा दोहों बाजूंस बांक घेतात. हेच ते तीन बांक होत. स्वाराला आंखूड धनुष्य सोयीचें, हेंही उघड आहे.

परंतु येथें थांबलें पाहिजे. लांकडी मुठीस दोन शिंगें जोडलीं तरी तीन बांक होतात. स्नायु पाठीवर बसविल्याचा उल्लेख त्या वचनांत नाहीं, कौटिल्य (2.18) स्नायु सांगतो तो ज्येच्या द्रव्यांत. म्हणून हें वचन त्रिस्तर धनुष्याशीं जुळतें एवढेंच म्हणतां येईल; तें त्याचें प्रमाण होत नाहीं. आपल्याकडील वाड्यांतल्या कमानी बहुधा मोगली धाटणीच्या. धारूरचा किल्ला मोगलांनीं घेतला तो 1631 मध्यें. त्या कमानींवरून कालिदासाचें शार्ङ्ग ठरविणें म्हणजे पौर्वापर्य सोडणें होय.

संग्राहकांस दोन विनंत्या आहेत. जुन्या कमानीस हौसेनें चिल्ला चढवूं नये; सरस व शिंग एकदां सुटलें कीं ती वस्तु गेली. तिची लांबी बांकावरून मोजावी, थर पाहावे, आणि शिंगाची बाजू नोंदून ठेवावी. दुसरें, धनुर्वेदाची पोथी हातीं येईल तेव्हां ‘त्रिणत’ या स्थळाचा पाठ अवश्य उतरून घ्यावा. माझ्या यजमानांनीं ती मोडकी कमान अडगळींत टाकावयाचें ठरविलें होतें; ती ठेवावी असें मीं त्यांस विनविलें आहे. ती अखंड असती तर तिचे थर मला दिसले नसते, आणि मी शार्ङ्गाचा अर्थ पूर्वींसारखाच सांगत राहिलों असतों.