याकोब स्टाइनहार्ट यांचे डोंगर
बर्लिन सोडून १९३३ साली यरुशलेमला आलेले याकोब स्टाइनहार्ट लाकडी ठशांच्या चित्रांसाठी ओळखले जातात. त्यांनी केलेले योना नबी व इयोब नावाजले गेले; आम्हांला मात्र त्यांचे यहूदियाचे उघडे डोंगर अधिक भावतात. नबींच्या चेहऱ्यांवरचे दुःख चित्रकार आपल्याला बजावून सांगतो. डोंगरांपाशी तो स्वतः गप्प होतो. ठशातले लाकूड जेवढे कोरून काढावे, तेवढाच कागद पांढरा राहतो. तिथला उजेड असा काही काढून टाकल्यानेच उमटतो. मूर्ती करू नये ही आज्ञा पाळणाऱ्या आम्हां लोकांना परमेश्वराचे सान्निध्य दाखवायला याहून योग्य रीत कोणती? नातवंडांना आधी हे डोंगर दाखवावेत, नबी मागाहून.