सुलट टाक्याचा अंगरखा

विणकाम शिकायला बसलेल्या माणसाला बहुधा पहिल्यांदा मफलर विणायला सांगतात. सुईवर वीसपंचवीस टाके घालायचे आणि गळ्याला दोन वेढे बसतील एवढी पट्टी होईपर्यंत ओळीमागून ओळ विणत राहायची. त्याने हात बसतो. लोकर किती ताणायची, किती सैल सोडायची ते बोटांना कळते. पण मफलर संपला तरी विणकामाचे खरे मर्म भेटलेले नसते. शिंप्याच्या हाती आधी कापड येते, मग तो त्यातून आकार कापतो. विणणाऱ्याच्या सुयांवर कापड आणि आकार एकाच वेळी जन्माला येतात, कात्री कुठेच लागत नाही. नवख्या हाताला हा आनंद सुरुवातीलाच मिळवून देणारी एक रचना आहे, आणि ती मला विणकामातल्या थोर रचनांपैकी वाटते: एलिझाबेथ झिमरमन यांचे १९६८ सालचे ‘बेबी सरप्राइज जॅकेट’.

झिमरमन (१९१०–१९९९) जन्माने इंग्लिश. लग्नानंतर त्या अमेरिकेत गेल्या आणि विस्कॉन्सिनमध्ये स्थिरावल्या. १९७१ साली आलेले त्यांचे ‘निटिंग विदाउट टिअर्स’ आजही शिकणाऱ्यांच्या हाती असते. विणणाऱ्याने कृतीचे आंधळेपणी पालन करू नये, आपल्या हातांखाली काय घडते आहे ते समजून घ्यावे, हा त्यांचा आग्रह. हे जॅकेट त्या आग्रहाचा सर्वांत सुंदर पुरावा आहे.

सुरुवात १६० टाक्यांनी होते. पुढे सगळी वीण सुलट, उलट टाका एकही नाही. डाव्या सुईवरच्या फासात उजवी सुई घालायची, तिच्यावरून लोकर घ्यायची, नवा फास जुन्यातून ओढून काढायचा, जुना सोडून द्यायचा. विणकाम शिकणारा पहिल्या दिवशी शिकतो तो हाच टाका. मात्र सुलट टाका पाठीमागून उलट दिसतो. म्हणून काम फिरवून पुन्हा सुलटच विणत गेले की एक ओळ आपल्याला तोंड दाखवते, तर पुढची पाठ. शेतातल्या सरी-वरंब्यासारखे उंचसखल पट्टे त्यातून उमटतात. दोन ओळी विणल्या की एक वरंबा. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी नितळ वीण टेबलावर ठेवली तर तिच्या कडा गुंडाळल्या जातात. या विणीत दोन्ही बाजूंचा ताण सारखा असतो, त्यामुळे ती शांत सपाट पडते.

खरी गंमत याच्या पुढची. या विणीत एका टाक्याची रुंदी आणि एका वरंब्याची उंची जवळजवळ सारखी भरते. म्हणजे दहा टाके आणि दहा वरंबे मिळून एक चौरस. नितळ विणीत हे जमत नाही. तिथे टाका रुंद आणि बुटका असतो, चौरस साधायला टाक्यांपेक्षा ओळी जास्त लागतात. नवख्यांची म्हणून जिच्याकडे काहीशा उपेक्षेने पाहिले जाते, त्या साध्या विणीच्या पोटात असा भूमितीचा नियम दडलेला आहे, आणि झिमरमन यांनी सगळा अंगरखा त्या एका नियमावर उभा केला.

कसा, ते पाहा. १६० टाक्यांच्या ओळीत त्या दोन जागा ठरवतात. दर दुसऱ्या ओळीला त्या दोन जागी तीन टाक्यांचा एक करायचा. प्रत्येक वरंब्यामागे एका जागी दोन टाके कमी होतात, एक या अंगाचा, एक त्या अंगाचा. टाका आणि वरंबा सारख्याच मापाचे असल्यामुळे तिथे अचूक काटकोन तयार होतो आणि त्याच्या मधोमध तिरकी रेघ धावते. सरळ विणलेली पट्टी आपोआप वळू लागते. पुढे एका टप्प्यावर हिशोब उलटा फिरतो. त्याच दोन जागी, मधल्या टाक्याच्या दोन्ही अंगांना, टाके वाढवत जायचे. मध्येच फक्त मधल्या टाक्यांवर थोडे वरंबे विणून पाठीची लांबी साधायची आणि त्या पट्टीच्या दोन्ही कडांवरून टाके उचलून पुन्हा सगळी ओळ जोडून घ्यायची. घटवणे, वाढवणे आणि टाके उचलणे, एवढ्याच तीन गोष्टी सुलट टाक्याच्या जोडीला शिकाव्या लागतात.

अर्धे काम झाल्यावर हातात जे असते ते कशासारखेच दिसत नाही. बाही कुठली, पाठ कुठली, गळा कुठे येणार, काही उमगत नाही. घरातले विचारतात, हे काय चालले आहे, आणि विणणाऱ्यालाही सांगता येत नाही. ही अवस्था मला रचनेचा अत्यंत मोलाचा भाग वाटते. मफलर पहिल्या वितीपासून मफलरच असतो. इथे मात्र टाक्यांची मोजणी सोडून दुसरा आधार नाही, म्हणून नवखा मोजायला शिकतो, आपली वीण वाचायला शिकतो. वरंबे मोजले की आपण नेमके कुठे आहोत ते समजते. एखादा टाका खाली सुटला तर त्याची शिडी कुठवर उतरली तेही दिसते.

शेवटचे टाके बंद होतात. तो वेडावाकडा तुकडा हातात घेऊन ठरल्याप्रमाणे दुमडायचा, आणि समोर दोन बाह्यांचा, पुढून उघडा, पुरता अंगरखा. खांद्यावरून बाहीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या दोनच शिवणी, एक या बाजूला, एक त्या बाजूला. अलंकारशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय सांगितला आहे. तो इथे चमत्कार म्हणून वरून येत नाही, आपणच एकेक ओळ घालून तो रचलेला असतो. कितव्यांदाही विणले तरी दुमडण्याच्या क्षणी तो तितकाच ताजा वाटतो, कारण डोक्याला ठाऊक असलेली गोष्ट तेव्हा डोळ्यांना पटते.

काजांची योजनाही तितकीच विचारी आहे. काजे पुढच्या दोन्ही कडांना ठेवायची. बाळ जन्मण्याआधी विणायला घेतलेल्या अंगरख्याला मुलाची बाजू की मुलीची, हे आधी ठरवावे लागत नाही. नको त्या काजांवर बटणे शिवली की झाले. बाळंतविड्यासाठी झबली-टोपडी, कुंची, दुपटी आधीपासून जमवणाऱ्या आपल्या आज्यांना ही सोय पाहताक्षणी आवडेल. मापाचीही गोष्ट अशीच. टाके तेच १६०, फक्त लोकर आणि सुया बदलायच्या. बारीक लोकरीचा अंगरखा तान्ह्याला बसतो, जाड लोकरीचा चालू लागलेल्या मुलाला. पहिल्यांदा विणणाऱ्याने फिकट रंगाची, मध्यम जाडीची खरी लोकर घ्यावी, कारण तिचे तंतू एकमेकांना धरून राहतात आणि टाका सहज घसरत नाही. गडद रंगात टाके दिसत नाहीत आणि डोळे शिणतात. पाच-सहा वरंब्यांनी रंग बदलला तर अधिकच चांगले: पट्टे कोपऱ्याशी काटकोनात वळताना दिसतात, आणि वर सांगितलेला सगळा हिशोब कागद-पेन्सिलीशिवाय समजतो.

रचनेत उणे काही असेल तर गळा. तो मला जरा उघडा वाटतो, आणि बाह्याही आखूडच राहतात. पुण्यातल्या जानेवारीत ते चालून जाईल. खऱ्या थंडीच्या गावी मात्र गळ्याच्या कडेवरून टाके उचलावेत आणि बोटभर रुंदीची कॉलर विणावी, बाहीच्या तोंडाशीही तसेच आणखी थोडे वरंबे घालावेत. पाठीच्या पट्टीपाशी टाके उचलणे एकदा जमलेले असते, त्यामुळे हे काम नवख्यालाही कोणाला न विचारता करता येते.