सेवकत्वाची कसोटी : ‘स्मृतिचित्रे’तील टिळक

ख्रिस्ती मंडळीतील नेतृत्वाची कल्पना एका विलक्षण विरोधावर उभारलेली आहे. ज्याला श्रेष्ठ व्हावयाचे असेल त्याने सर्वांचा सेवक व्हावे, हा शुभवर्तमानाचा दंडक. आणि गुरूने स्वतः शिष्यांचे पाय धुतल्याचा योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील प्रसंग हे त्या दंडकाचे मूर्त रूप. मराठी बायबलात मंडळीतील ज्या कार्यकर्त्यांना ‘सेवक’ म्हटले आहे, त्यांच्यासाठी मूळ ग्रीकमध्ये ‘दियाकोनॉस’ हा शब्द आहे. भोजनाच्या वेळी वाढणाऱ्या परिचारकालाही तो लावला जाई. पुढे या शब्दाचे पद झाले, पदाला मान आला आणि मानाबरोबर अधिकार आला. सेवकत्वाचीच अशी प्रतिष्ठा बनू लागली म्हणजे खरी नम्रता कोणती आणि नम्रतेचा केवळ वेष कोणता, हे ठरविणे कठीण होते. धर्मशास्त्र या प्रश्नाचे उत्तर तत्त्वरूपाने देते. त्याची कसोटी पाहावयाची तर एखाद्या सेवकाचे दैनंदिन जीवन जवळून न्याहाळलेले असावे लागते. मराठीत अशी सोय करून देणारा एक असामान्य ग्रंथ आहे. तो म्हणजे १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’.

‘स्मृतिचित्रे’चा विचार बहुधा दोन अंगांनी होत आला आहे. प्रांजळ, विनोदी आणि घरगुती भाषेतील आत्मकथा म्हणून तिचे कौतुक झाले आहे. तसेच रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्राचे साधन म्हणूनही तिचा उपयोग झाला आहे. हे दोन्ही दृष्टिकोन यथार्थ आहेत. परंतु त्यांमुळे या ग्रंथाचे एक अंग झाकले जाते. सेवेला वाहून घेतलेल्या एका पुरुषाची सेवा जिच्या खर्चाने चालली, तिने केलेले त्या सेवेचे परीक्षण, असेही या ग्रंथाचे स्वरूप आहे.

टिळकांच्या बाह्य चरित्राची रूपरेषा सुपरिचित आहे. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला ‘नवा करार’, त्यातील डोंगरावरील प्रवचनाने झालेला परिणाम, १८९५ मध्ये मुंबईत घेतलेला बाप्तिस्मा, त्यानंतर अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे केलेले अध्यापन, उपदेश व ‘ज्ञानोदया’चे लेखन, आणि अखेर १९१७ मध्ये मिशनचा राजीनामा देऊन स्वीकारलेले संन्यस्त जीवन, हे त्यातील मुख्य टप्पे होत. जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी चरित्रात हे टप्पे एका साधकाच्या क्रमशः उन्नतीच्या रूपाने मांडले आहेत. तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्तचरणी पोचलेला भक्त ही टिळकांची प्रतिमा त्यातून ठसते. ती प्रतिमा खोटी नाही. मात्र ती सभामंडपातून दिसणारी आहे. लक्ष्मीबाईंनी टिळकांना माजघरातून पाहिले.

माजघरातून काय दिसते? पहिली गोष्ट, टिळकांचे औदार्य. हाती आलेला पैसा घरी पोचण्यापूर्वीच दुसऱ्याच्या गरजेला लागावा, अनाथ मुलाला घरात आधार मिळावा, एखाद्या कवीला आपलेच घर मोकळे असावे, हे त्यांच्या स्वभावातच होते. बालकवी ठोंबरे यांना त्या घरात आश्रय मिळाला, तो धर्मांतराच्या कोणत्याही अटीवाचून. परंतु देणाऱ्याने द्यावे आणि उरलेल्यात घर कसे चालवावयाचे याची चिंता दुसऱ्याने वाहावी, अशी ही व्यवस्था होती. दानाचा निर्णय एकट्याचा आणि त्याचा भार दोघांचा, हे वास्तव लक्ष्मीबाई पुनःपुन्हा पुढे ठेवतात. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, स्वतःसाठी काहीही न राखणारा मनुष्यसुद्धा निर्णयाचा अधिकार स्वतःसाठी राखून ठेवू शकतो. संपत्तीचा त्याग सोपा नसतो. पण स्वेच्छेचा त्याग त्याहूनही दुष्कर असतो.

याचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे बाप्तिस्मा. पत्नीच्या संमतीवाचून घेतलेल्या त्या निर्णयामुळे लक्ष्मीबाईंना सुमारे पाच वर्षे पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयाने, लहानग्या मुलासह काढावी लागली. ज्या धर्माने दुसऱ्याच्या पायाशी बसावयास शिकविले, त्याचा स्वीकार करतानाच टिळकांना सर्वांत जवळच्या माणसाचे मन विचारात घेणे जमले नाही. लक्ष्मीबाईंनी हा आरोप म्हणून कोठेही मांडलेला नाही. त्यांनी केवळ त्या वर्षांतील दिवस सांगितले आहेत. निर्णयाचे तेज आणि त्याची किंमत ही वाचकाला शेजारीशेजारी दिसतात व निवाडा त्याच्यावर सोपविला जातो. ‘स्मृतिचित्रे’च्या कलेचे बळ या संयमात आहे.

तथापि, चित्राची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. पुनर्मीलनानंतर काही काळ लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे पाळले आणि टिळकांच्या घरात त्याला जागा राहिली. उपदेशकाच्या घरातील पत्नी उपदेशकाचा धर्म मानीत नाही, ही गोष्ट मंडळीच्या दृष्टीने अवघड होती. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी घेतलेला बाप्तिस्मा हा त्यांच्या स्वतःच्या विचारमंथनातून आला. जातिभेद मनातून गळून पडण्याची जी प्रक्रिया त्या वर्णितात, तीत पतीच्या आज्ञेपेक्षा स्वतःच्या तर्काला अधिक स्थान आहे. उतावळ्या, संतापी स्वभावाच्या टिळकांनी येथे वाट पाहिली. त्यांच्या दानशूरत्वापेक्षा या वाट पाहण्यातच त्यांची नम्रता अधिक स्पष्टपणे प्रकट होते, असे म्हणावयास हरकत नाही. कारण येथे त्यांनी आपली इच्छा बाजूला ठेवली.

या दृष्टीने १९१७ च्या संन्यासाकडे पाहिले असता काही नव्या गोष्टी ध्यानात येतात. टिळकांच्या राजीनाम्यामागे एक संस्थात्मक प्रश्न होता. परदेशी मिशनरी वेतन देणार आणि देशी उपदेशक ते घेणार, या नात्यात सेवक कोण व धनी कोण हे ठरून गेलेले असते. वेतन सोडून टिळकांनी त्या नात्यावर घाव घातला. त्यांनी स्थापिलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तानुयायांना प्रवेश होता. मंडळीच्या सीमा रुंदावणारा हा विचार त्या काळी धाडसाचाच होता. पण ‘दरबार’ या नावात एक अडचण दडलेली आहे. राजा ख्रिस्त म्हटला की इतर सर्व समान दरबारी ठरतात, हा त्यातील मूळ आशय. प्रत्यक्षात मात्र अदृश्य राजाच्या दरबारात राजाची इच्छा सांगणाऱ्याचा शब्द हाच अखेरचा शब्द होण्याचा संभव असतो. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. त्यांना मिळालेला अवधी फारच अल्प होता, हे खरे. तरीही जे कार्य एका व्यक्तीच्या तेजावर उभे असते ते त्या व्यक्तीबरोबर मावळते, हा धडा त्यात आहेच. सेवकाने आपल्यावाचून चालेल अशी व्यवस्था करणे, हेही नम्रतेचेच अंग होय.

‘स्मृतिचित्रे’ची लेखिका पतिपरायण आहे, तिच्या थट्टेत प्रेम आहे, म्हणून तीत टीका शोधणे हा ग्रंथावर अन्याय होय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. प्रेम आहे हे निर्विवाद. किंबहुना त्यामुळेच ही साक्ष मोलाची ठरते. विरोधकाने काढलेल्या दोषांना पूर्वग्रहाचा वास येतो आणि शिष्याने गायिलेल्या गुणांना भक्तीचा. लक्ष्मीबाईंचा विनोद या दोहोंच्या मधल्या जागेतून येतो. तो टिळकांना लहान करीत नाही. त्यांना माणसांच्या उंचीवर आणून उभे करतो. ज्या नेत्याकडे पाहून त्याच्या घरच्यांना मोकळेपणाने हसता येते, त्याच्या सत्तेला काहीतरी मर्यादा असलीच पाहिजे.

आता स्वतः लक्ष्मीबाईंच्या सेवेचा विचार केल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. अनाथ मुलांचे संगोपन, प्लेगच्या दिवसांतील रुग्णशुश्रूषा, पतिनिधनानंतर स्वीकारलेले मुलींच्या वसतिगृहातील काम, यांची हकीकत त्या स्वतःच्या फजितीच्या गोष्टींसारख्याच सहजतेने सांगतात. शाळेचे शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईंनी टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले. टिळकांच्या हातून जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. त्यांपुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. मंडळीतील पद त्यांच्या वाट्याला आले नव्हते आणि ‘सेवक’ या शब्दाचे भूषणही त्यांनी मिरविले नाही. तरीही पंक्तीत वाढणाऱ्याचा जो मूळ अर्थ त्या ग्रीक शब्दात होता, त्याच्याशी त्यांचे जीवन अधिक जवळचे आहे. त्यांच्या या सेवेचा गौरव करताना एक भान मात्र राखले पाहिजे. एकाची सेवा स्वेच्छेची आणि दुसरीची परिस्थितीने लादलेली, असा भेद राहिला तर दुसरीच्या सोसण्याला नम्रतेचे नाव देणे हा अन्यायच ठरतो. लक्ष्मीबाईंचे मोठेपण असे की, लादलेल्या गोष्टीला त्यांनी लादलेले म्हटले आणि स्वीकारलेल्या गोष्टीला स्वीकारलेले.

‘स्मृतिचित्रे’च्या वाचनातून सेवकनेतृत्वाची एक साधी कसोटी हाती लागते. नेत्याने काय सोडले एवढेच विचारणे पुरेसे नाही. त्याने सोडलेल्याचा भार कोणी उचलला आणि उचलणाऱ्याला विचारले होते काय, हेही विचारले पाहिजे. या कसोटीला टिळक काही ठिकाणी उतरतात, काही ठिकाणी उतरत नाहीत. त्यांच्या थोरवीला त्यामुळे बाध येत नाही. ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाचा अभ्यास मात्र त्यामुळे व्यासपीठाशी न थांबता स्वयंपाकघरापर्यंत जाण्यास बांधला जातो.