आठ फुटांखालची ऊब

गरम हवा वर जाते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मग हीटर छताला टांगायचा कशाला? मिनेसोटातल्या डुलुथसारख्या गावात, जिथे जानेवारीत पारा उणे 20 च्या खाली सहज उतरतो, लोक आपल्या गॅरेजच्या छताला नळीचा हीटर टांगतात तेव्हा पाहुण्याच्या मनात पहिल्यांदा हाच प्रश्न येतो. पण वर जाते ती हवा. किरणांना वर-खाली सारखंच. विल्यम हर्शेलने 1800 साली लोलकातून आलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथे, तापमापक ठेवला आणि पारा चढला. ही नळी त्याच न दिसणाऱ्या भागात काम करते. वाटेतल्या हवेला ती फारसं विचारत नाही. तिची ऊब थेट काँक्रीटच्या कोब्यावर, गाडीच्या पत्र्यावर, कामाच्या टेबलावरच्या पान्यांवर उतरते. थंडीच्या सकाळी कोवळ्या उन्हात उभं राहावं, हवा तितकीच गार, पण पाठ शेकून निघते, तसं.

म्हणून अशा गॅरेजची पारख करताना छताकडे बघू नये, खाली बघावं. शटर वर गेलं की पाच मिनिटांत आतली ऊबदार हवा रस्त्यावर जाते आणि गरम हवा फुंकणारा हीटर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. इथे मात्र ऊब हवेत साठवलेलीच नसते, ती कोब्यात मुरलेली असते. शटर खाली आलं की कोबाच खोलीला परत वर आणतो. गाडीच्या चाकांतून गळलेलं बर्फाचं पाणीही वाळून जातं, मागे मिठाचा पांढरा ओघळ तेवढा राहतो. (मीठ लागलेला पत्रा उबेत लवकर गंजतो अशी कुरकुर करणारे आहेत, आणि ते अगदीच चुकीचं बोलत नाहीत.)

आता नळीच नीट बघू. एका टोकाला बर्नर, मग साधारण चार इंच व्यासाची पोलादी नळी, आणि वरून उलट्या पन्हळीसारखा चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा. बर्नरजवळ नळी चारपाचशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते, शेपटाकडे बरीच निवते. हा उतार लपवायच्या दोन युक्त्या आहेत आणि दोन्ही मला फार आवडतात. एक म्हणजे नळी इंग्रजी यू अक्षरासारखी परत फिरवायची, म्हणजे सगळ्यात तापलेला भाग आणि सगळ्यात निवलेला भाग शेजारी-शेजारी येतात आणि खाली पडणारी ऊब सारखी होते. दुसरी बाहेरून दिसतच नाही: शेपटाकडच्या भागात आत पीळ दिलेली धातूची पट्टी सरकवलेली असते. निवत चाललेला वायू तिच्याभोवती घुसळला जातो आणि उरलीसुरली उष्णता नळीच्या भिंतीला देऊन मगच बाहेर पडतो. वरच्या पन्हळीचा चकचकीतपणाही शोभेचा नाही. घासलेलं ॲल्युमिनियम स्वतः किरणं फारशी शोषत नाही, म्हणून ती छताकडे जाण्याऐवजी खाली वळतात.

आणि साखळ्या! नळी खिळून टाकायच्या ऐवजी साखळीला टांगतात ती उगाच नाही. वीस फूट पोलाद तापलं की दोनेक सेंटिमीटर लांबतं. साखळी झुलून त्याला जागा देते, आणि गॅसची लवचिक जोडनळी सरळ ताणून न लावता कमानीत ठेवतात ती त्यासाठीच. हीटर चालू झाल्यावर पहिली काही मिनिटं जी टिकटिक ऐकू येते ती या लांबण्याचीच. जोडनळी ताठ बसवलेली दिसली तर बाकीचं काम बघायचीही गरज नाही, माणूस घाईत होता.

हे सगळं उंच गोदामात सरळ आहे. खरी कसोटी आठ फुटी छताखाली लागते. आठ फूट म्हणजे 2.44 मीटर, आणि आजकालच्या उंच गाड्यांचा टप 1.8 मीटरला टेकतो. मधल्या हातभर जागेत नळी टांगली तर टपाचा रंग भाजेल. उत्पादकांच्या तक्त्यात नळीखाली मोकळी ठेवायची जागा फुटांत मोजलेली असते, आणि छोट्या घरगुती नळीलाही ती टपाच्या वर मिळत नाही. शिवाय छत रिकामं कुठे असतं? उघडलेलं शटर रुळांवरून सरकत छताखालीच येऊन आडवं होतं, मधोमध मोटरची दांडी जाते. त्या शटरच्या वर हीटर बसवला तर तो शटरच शेकत बसेल. उरतो तो मागच्या भिंतीलगतचा पट्टा आणि दोन कडेचे कोपरे.

इथे लोक विजेकडे वळतात, आणि तिथे निवड चुकते ती चकाकीमुळे. लालभडक पेटणारा क्वार्ट्‌झचा दिवा दुकानात छाप पाडतो. पण किरणांचं प्रमाण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातात वाढतं: 480 अंशांवरचा पृष्ठभाग 93 अंशांवरच्या तेवढ्याच पृष्ठभागाच्या सुमारे 18 पट ओततो, आणि दिवा तर याहून कितीतरी तापलेला. दोन फुटांवरून तो टाळूला चटका देतो आणि पाय गारच ठेवतो. सौम्य तापणारं रुंद पॅनेल छताला चिकटून बसतं, टपापासून सगळ्यात दूर राहतं, पण ते कमी ओतत असल्यामुळे बरंच क्षेत्र लागतं. दोन गाड्यांचं पूर्ण गॅरेज विजेवर तापवायला निघालात तर ताशी 30,000 बीटीयूसाठी जवळजवळ 9 किलोवॅट, म्हणजे 240 व्होल्टवर 37 अँपिअर. मग टेबलापुरतं, माणूस उभा राहतो तेवढ्यापुरतंच पॅनेल लावावं. गॅरेज नको, माणूस तापवा.

पूर्ण गॅरेज हवंच असेल तर माझं मत कोपऱ्यातल्या तिरक्या नळीला. डेन्मार्कच्या पोव्हल ओले फँगर यांनी माणसांना प्रत्यक्ष बसवून तपासलं होतं की डोक्यावरचं गरम छत किती लवकर खुपतं. अमेरिकेतल्या ‘अश्रे’ संस्थेच्या 55 क्रमांकाच्या मानकात ही सहनशीलता उतरली: गरम छताच्या बाबतीत दोन बाजूंच्या किरण-तापमानांत फरक 5 अंशांपर्यंतच चालतो, गरम भिंतीला मात्र 23 अंशांची मुभा. म्हणजे ऊब कडेने आली तर देह तिला सोसतो. भिंत आणि छत मिळतात तिथे बसवून पन्हळ 45 अंशात कलती केली की झोत टाळूवर न पडता समोरच्या कोब्यावर आणि गाडीच्या कुशीवर पडतो. कल दिला की समोरचं अंतर जास्त ठेवावं लागतं, एवढं तक्त्यात बघून घ्यावं. टांगलेल्या बर्नरचा आणखी एक गुण सहसा कोणी बोलून दाखवत नाही: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते, म्हणून तिकडच्या नियमांत ज्वाला जमिनीपासून किमान 18 इंच वर हवी. ही तर पार छताशी. धुराची नळी भिंतीतून बाहेर काढलेली हवीच, त्यात वाद नाही.

एक गोष्ट मात्र चांगले कारागीरही विसरतात: थर्मोस्टॅट. नळीच्या नजरेत बसवला तर तो तिच्याच किरणांनी तापून खोली गरम झाली असं समजतो आणि हीटर लवकर बंद करतो. बाहेरच्या गार भिंतीवर बसवला तर कधीच समाधानी होत नाही. त्याची जागा आतल्या भिंतीवर, झोताच्या आड, छातीच्या उंचीला. आणि तो फुंकणाऱ्या हीटरपेक्षा दोनेक अंश खाली लावून बघावा. हातातला पाना गार लागत नसेल तर हवेचा आकडा वाढवण्यात अर्थ नाही.