'पाताल लोक' आणि आपली पोरं

२०२० च्या 'पाताल लोक' मालिकेवर अठरा वर्षांपुढचा शिक्का आहे. पण दोस्तांनो, अंबाजोगाईच्या वस्तीत मोबाईलवर तो शिक्का पाळतो कोण?

पंजाबातला दलित तोपे सिंग अपमान सोसून सोसून शेवटी सवर्ण पोरांवर चाकू चालवतो. पोरगा पळतो, बदला त्याच्या आईवर बलात्कार करून घेतात. हे खोटं नाही. नामांतराचा ठराव झाला तेव्हा, १९७८ ला, मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्याच की. म्हणून निव्वळ रक्तापायी मी ही मालिका लपवणार नाही.

आक्षेप दुसराच. तोपेची वाट सुपारीच्या गुन्ह्याकडंच वळते. पंधराव्या वर्षी त्यातला चाकूच तेवढा ध्यानात राहतो, आई राहत नाही. सोळाच्या आतल्यांना नकोच. पुढच्यांना अभ्यासवर्गात दाखवा, त्या प्रसंगाला थांबवा, अन् १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली त्या आईची फिर्याद त्यांच्याकडून लिहून घ्या.