गोंगाट कुणाचा, आक्रोश कुणाचा?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. घरून काम चालू होतं, कॉलवर माझी बोलायची पाळी होती आणि खाली एकदम आवाज वाढला. मी म्यूट केलं आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं : ‘गेटवर कसला गोंगाट चाललाय?’ धडाधड थम्सअप पडले. संध्याकाळी वॉचमनकाका म्हणाले, “मागच्या वस्तीतल्या बायका होत्या. तीन दिवस पाणी नाही त्यांना. टँकर आपल्याकडंच कसा वळतो, ते विचारायला आल्या होत्या.” दुसऱ्या दिवशी एका पेपरात त्याचा ‘हंडा मोर्चा’ झाला होता, दुसऱ्यात ‘महिलांचा आक्रोश’.

वीस मिनिटांचा एकच आवाज, त्याला तीन शब्द. माझा शब्द त्यातला सगळ्यात आळशी होता.

आवाजासाठी मराठीकडे शब्द कमी नाहीत. गलका, कल्ला, कलकलाट, कोलाहल, दणदणाट, गदारोळ, गहजब, बोंबाबोंब, टाहो, हंबरडा. हे समानार्थी शब्द म्हणून शाळेत पाठ करून घेतात, पण ते समानार्थी नाहीत. डेसिबल मीटर आवाज किती ते सांगतो. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 ही आपल्याकडची कायदेशीर मर्यादा आहे, आणि 10 डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दहापट होते. पण विसर्जनाच्या रात्री मीटरवर एकच आकडा असताना डीजेसमोर नाचणाऱ्यासाठी तो ‘जल्लोष’ असतो आणि वरच्या मजल्यावरच्या आजारी आजोबांसाठी ‘दणदणाट’. ऐकणारा कुठे उभा आहे, हे मीटर सांगत नाही. शब्द सांगतो.

‘गोंगाट’ म्हटलं की त्या आवाजात अर्थ नाही, असं आपण ठरवून टाकतो. चार बायका एकदम बोलल्या की ‘कलकलाट’, चार पुरुष बोलले की ‘जोरदार चर्चा’. विरोधकांचं बोलणं ‘कोल्हेकुई’, आपल्या बाजूचं ‘गर्जना’. ‘सभागृहात गदारोळ, कामकाज तहकूब’ या साच्यातली बातमी आपण शेकडो वेळा वाचली आहे. कोण काय विचारत होतं आणि कोण उत्तर टाळत होतं, हे त्या एका शब्दाखाली गाडलं जातं. गदारोळ जणू पावसासारखा आपोआप येतो, कुणी करत नाही.

दुसरी चूक उलट्या टोकाची आहे. आमच्या कामात लॉग लिहिताना लेव्हल द्यावी लागते : इन्फो, वॉर्निंग, एरर. नवशिक्या प्रोग्रॅमर प्रत्येक ओळीला एरर लावतो. महिन्याभरात एररकडे कुणी बघत नाही आणि खरा एरर येतो तेव्हाही तो तसाच सरकून जातो. आपल्या मथळ्यांनी ‘आक्रोश’, ‘एल्गार’ आणि ‘संतापाची लाट’ यांचं हेच करून ठेवलंय. एल्गार म्हणजे मुळात चाल करून जाणं, हल्ला. आता निवेदन द्यायला गेलेल्या पाच जणांचाही एल्गार होतो.

या शब्दाचं वजन काय असू शकतं, ते बघायचं तर गोविंद निहलानींचा 1980चा ‘आक्रोश’ बघावा. चित्रपट हिंदी, पण लेखन विजय तेंडुलकरांचं. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू (ओम पुरी) तोंडच उघडत नाही. त्याचा वकील (नसीरुद्दीन शहा) विनवतो, चिडतो, तरी नाही. नाव ‘आक्रोश’ आणि मध्यभागी मौन. शेवटी, बापाच्या अंत्यविधीला आणलेला लहान्या कुऱ्हाड उचलून स्वतःच्या बहिणीला मारतो, बायकोचं झालं ते तिचं होऊ नये म्हणून, आणि तेव्हा ओरडतो. शीर्षकातला शब्द चित्रपटाने तोवर राखून ठेवलेला असतो. म्हणून तो अंगावर येतो.

त्याआधी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये तेंडुलकरांनी हेच दुसऱ्या बाजूने दाखवलं होतं. तिथे ‘शांतता’ हा शब्दच हत्यार आहे. कोण बोलेल आणि कुणाचं बोलणं व्यत्यय ठरेल, हे तो ठरवतो. बेणारेचं मोठं स्वगत येतं तेव्हा बाकीची पात्रं गोठलेली असतात. प्रेक्षक ऐकतात, कोर्ट ऐकत नाही.

मग लिहिणाऱ्याने काय करावं? ‘गोंगाट’ खोडून ‘आक्रोश’ लिहिला की प्रश्न सुटला, असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही. गेटवरच्या त्या बायका रडत नव्हत्या, धावूनही आल्या नव्हत्या. त्या एक साधा प्रश्न विचारत होत्या. त्याला आक्रोश म्हणणं म्हणजे त्यांना बिचारं करणं, आणि गोंगाट म्हणणं म्हणजे त्यांना पुसून टाकणं. दोन्हीत त्यांचा प्रश्न गायब होतो.

आवाज खरोखर कळण्यापलीकडचा असेल, तर विशेषण शोधावं, आणि जपून शोधावं. पण शब्द ऐकू येत असतील, तर ते शब्दच लिहावेत. ग्रुपवरचा तो मेसेज आता डिलीट होत नाही. तो असा असायला हवा होता : ‘गेटवर बायका विचारतायत, टँकर इकडेच का वळतो. कोण उत्तर देणार?’

याला थम्सअप किती पडले असते, सांगता येत नाही.